अमेरिकेत स्थलांतरित कामगारांसाठी संस्था उभी करताना: पहिल्या बैठकीपासून पहिल्या रिटर्नपर्यंत

अमेरिकेत मराठी मंडळ चालवण्याचा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे. हॉल ठरवणं, वर्गणी जमवणं, वर्षअखेरीला हिशेब मांडणं हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. पण मोटेलच्या मागच्या खोलीत राहून दिवसरात्र काउंटर सांभाळणारा मुलगा, कुणाच्या घरी राहून बाळ सांभाळणारी मावशी, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये रोखीवर राबणारा माणूस, यांच्यासाठी काही उभं करायचं म्हटलं की तो अनुभव निम्म्या वाटेपर्यंतच पुरतो. पुढे कायदा येतो, भीती येते, आणि देणगीदार व मजुरी बुडवणारा मालक हे कधीकधी एकच गृहस्थ निघतात.

मी या कामात बरीच वर्षं आहे. नव्याने येणारी माणसं जिथे अडखळतात त्या जागा आता ओळखीच्या झाल्या आहेत, म्हणून हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे: संस्थेत काय करायचं हे कामगारांनी ठरवायचं. तुमचं इंग्रजी, तुमचं नेटवर्क, तुमचं एक्सेल हे सगळं त्यांच्या कामी लावायचं. निर्णय त्यांचा.

१. नोंदणीच्या आधी माणसं भेटा

बहुतेक जण वकील गाठून संस्थेचं नाव ठरवण्यापासून सुरुवात करतात. तो क्रम उलटा करा. आधी काही महिने फक्त भेटा आणि ऐका. बाळं सांभाळणाऱ्या बायका दुपारी पार्कात भेटतात, किचनमधली माणसं बंदच्या दिवशी लाँड्रोमॅटमध्ये किंवा देवळात. नाक्यावर उभे राहणारे मजूर बांधकामाच्या सामानाच्या दुकानांबाहेर पहाटे असतात. त्यांना भेटायचं तर पहाटेच जावं लागतं.

काय विचारायचं? काम किती तास असतं, पगार रोख मिळतो की चेकने, आजारी पडल्यावर काय होतं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. काय विचारायचं नाही? व्हिसा, कागदपत्रं, या देशात कसे आलात. हे प्रश्न पहिल्या भेटीतच काय, बहुतेक वेळा कधीच लागत नाहीत.

भाषेची सोय आधी करा. मराठी-हिंदीवर भागेल असं वाटतं, पण गुजराती, बंगाली, नेपाळी, पंजाबी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांची बैठक एका दुभाष्याशिवाय होत नाही. दुभाषी म्हणून मालकाच्या ओळखीचा माणूस आणू नका. तो बसला की खोली गप्प होते.

याच काळात पाहा की तुमच्या भागात हे काम आधीच कोणी करतं का. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालकांची न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्स १९९८ पासून आहे. दक्षिण आशियाई कामगारांमध्ये काम करणारी 'ड्रम' ही संस्था २००० पासून आणि नेपाळीभाषकांमध्ये काम करणारी 'अधिकार' ही संस्था २००५ पासून. घरकामगारांची देशव्यापी नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स अलायन्स २००७ साली उभी राहिली. नाक्यावरच्या मजुरांसाठी काम करणाऱ्या संघटनांचंही नॅशनल डे लेबरर ऑर्गनायझिंग नेटवर्क हे जाळं आहे. जवळ अशी संस्था असेल तर वेगळी पाटी लावण्याऐवजी तिची भाषिक शाखा होणं जास्त उपयोगाचं. नवी संस्था हा शेवटचा पर्याय ठेवा.

२. पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, हे आधी लिहून ठेवा

आपल्या समाजात ही पायरी सगळ्यात अवघड जाते. आपले देणगीदार म्हणजे मोटेलमालक, रेस्टॉरंटमालक, दुकानदार आणि घरी मदतनीस ठेवणारी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी. यातले कित्येक जण सचोटीने वागतात. पण पहिली तक्रार येते ती ओळखीच्याच घरातून येते, आणि तेव्हा "अहो, ते आपल्या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत, जरा सांभाळून घ्या" असा फोन येतोच.

म्हणून पहिला डॉलर घेण्याआधी ठराव करा: ज्याच्याविरुद्ध आपल्या सदस्याची मजुरीची तक्रार चालू आहे त्याची देणगी घेतली जाणार नाही, देणगीदाराला कोणत्याही तक्रारीची माहिती दिली जाणार नाही, संचालकाचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा संबंध असेल तर तो त्या चर्चेतून उठून बाहेर जाईल आणि तसं इतिवृत्तात नोंदवलं जाईल. ठराव आधीपासून असला की त्या फोनला उत्तर देणं सोपं जातं.

सुरुवातीच्या पैशासाठी आयटीतल्या मंडळींकडे जा. बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, काही स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. कामगारांकडूनही अगदी छोटी का होईना, सभासद वर्गणी घ्या. जो वर्गणी देतो तो हिशेब विचारतो, आणि त्याने तो विचारावा असंच आपल्याला वाटत असतं.

३. कायदेशीर घर: उसनं की स्वतःचं

दोन वाटा आहेत. पहिली, एखाद्या प्रस्थापित संस्थेच्या छत्राखाली काम सुरू करायचं. त्याला इथे फिस्कल स्पॉन्सरशिप म्हणतात. देणग्या त्यांच्या खात्यात येतात, हिशेब ते ठेवतात आणि त्याबद्दल काही टक्के घेतात. पहिल्या एक-दोन वर्षांसाठी माझा कौल याच वाटेला. करारात एक कलम मात्र आग्रहाने घालून घ्या: वेगळं व्हायचं ठरलं तर उरलेली रक्कम आणि सदस्यांची यादी कुणाकडे जाईल.

दुसरी वाट म्हणजे स्वतःची ५०१(सी)(३) संस्था, म्हणजे केंद्रीय करसवलत असलेली धर्मादाय संस्था. त्यासाठी हे लागेल:

- राज्याकडे दाखल करायचं स्थापनापत्र. संस्थेचा उद्देश आणि संस्था बंद झाल्यास मालमत्ता दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे जाईल, ही दोन कलमं त्यात हवीतच.
- संस्थेची घटना, म्हणजे बायलॉज.
- किमान तीन संचालक, शक्यतो एकमेकांच्या नात्यातले नसलेले. नेमका किमान आकडा राज्याप्रमाणे बदलतो.
- हितसंबंधांबाबतचं धोरण (वरचा ठराव इथे बसतो).
- ईआयएन, म्हणजे संस्थेचा करक्रमांक. आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) वेबसाइटवर फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्स आयआरएसच्या नसतात.
- पुढच्या तीन वर्षांचा अंदाजपत्रकाचा कच्चा आराखडा.
- करसवलतीसाठीचा अर्ज: फॉर्म १०२३ किंवा त्याचं छोटं रूप १०२३-ईझी. दोन्ही पे डॉट गव्ह या सरकारी साइटवर ऑनलाइन भरतात. शुल्क अनुक्रमे ६०० आणि २७५ डॉलर.

ईझी फॉर्म कुणाला चालतो? ज्यांची वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या आत राहील असा अंदाज आहे आणि मालमत्ता २,५०,००० डॉलरच्या आत आहे, त्यांना. अर्ज स्थापनेपासून २७ महिन्यांच्या आत गेला तर करसवलत स्थापनेच्या तारखेपासून लागू होते. उशीर झाला तर सहसा अर्जाच्या तारखेपासून, आणि मग आधीच्या देणगीदारांना काय सांगायचं हा प्रश्न उभा राहतो.

इथला नेहमीचा सापळा: आयआरएसचं पत्र आलं की सगळं झालं असं समजणं. बहुतेक राज्यांत लोकांकडून देणग्या मागण्याआधी राज्याकडे वेगळी नोंदणी लागते. शिवाय २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीची लेखी पोच द्या, नाहीतर देणगीदाराला वजावट घेता येत नाही.

४. खुर्चीत कोण बसणार

संचालक मंडळावर कामगार हवेत, आणि एकच नको. एकटी मावशी सहा प्रोफेशनल मंडळींसमोर बोलत नाही, मान डोलावते. निम्म्या जागा कामगारांच्या हे घटनेतच लिहा. बैठक त्यांच्या सुट्टीच्या वेळी, त्यांच्या भाषेत घ्या. इतिवृत्त इंग्रजीत ठेवा, पण आधी ते मोठ्याने वाचून समजावून सांगा. आर्थिक पत्रक कसं वाचायचं यासाठी दोन संध्याकाळी राखून ठेवा. ती दोन सत्रं झाली की प्रश्नांचा सूरच बदलतो. पैसे कुठे गेले, कशासाठी गेले, हे विचारायला कुणी बिचकत नाही.

संचालक अमेरिकन नागरिकच हवा अशी अट केंद्रीय कायद्यात नाही. पण आपल्या लोकांसाठी व्हिसाचा मुद्दा नाजूक आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असणाऱ्यांनी विनामोबदला संचालक होणं किंवा खरीखुरी स्वयंसेवा करणं सहसा चालतं. मात्र ज्या कामासाठी संस्था एरवी पगार देते ते काम "स्वयंसेवा" म्हणून करणं, किंवा "मानधन" म्हणून ठरावीक रक्कम घेणं, ही नोकरी ठरू शकते. बसभाड्याची पावती दाखवून तेवढेच पैसे परत घेणं वेगळं, दरमहा गोल आकडा घेणं वेगळं. शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. आणि संस्थेने पगारी माणूस नेमला की त्याचा आय-९ फॉर्म (काम करण्याची परवानगी तपासल्याची नोंद) भरावाच लागतो. कामगारांची संस्था म्हणून त्यातून सूट नाही.

५. मजुरी बुडवल्याची पहिली तक्रार

हे काम दारात येण्याआधी एवढं पाठ असू द्या.

केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. अनेक राज्यांत ते बरंच जास्त आहे, आणि कामगाराला जास्तीचा दर मिळतो. आठवड्याला ४० तासांवरच्या कामाला दीडपट दर. हा १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट. केलेल्या कामाची मजुरी मागण्याचा हक्क इमिग्रेशन स्टेटसवर अवलंबून नाही. ही ओळ कामगारांना पुन्हा पुन्हा सांगा, कारण मालक नेमकं याच्या उलट सांगत आलेला असतो. तक्रार केली म्हणून कामावरून काढणं किंवा धमकावणं हेही बेकायदेशीर आहे. एक मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगा: संघटन केलं म्हणून कागदपत्रं नसलेल्या कामगाराला काढलं, तर काढल्यानंतर बुडालेल्या पगाराची भरपाई त्याला राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याखाली (संघटित होण्याच्या हक्काचा केंद्रीय कायदा) मिळत नाही. हॉफमन प्लास्टिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तसा निकाल दिला आहे.

घरकामगारांचे नियम वेगळे आहेत. मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगाराला केंद्रीय कायद्यात किमान वेतन आहे, पण ओव्हरटाइम नाही. न्यूयॉर्कने २०१० साली घरकामगारांच्या हक्कांचा देशातला पहिला राज्य कायदा केला. त्यात राहणाऱ्या कामगारालाही ४४ तासांनंतर ओव्हरटाइम आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती आहे. न्यू जर्सीत असा कायदा जानेवारी २०२४ मध्ये झाला.

पुरावा नाही म्हणून माणसं मागे फिरतात. त्यांना थांबवा. तासांची नोंद ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने ती ठेवली नसेल तर कामगाराने आठवून मांडलेला वाजवी हिशेब ग्राह्य धरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४६ सालीच सांगितलं आहे. आजपासून रोज वहीत लिहायला लावा: आलो कधी, निघालो कधी, पैसे किती मिळाले. व्हॉट्सअॅपवरचे "उद्या सहाला ये" हे मेसेज, फोनमधलं लोकेशन, बसचा पास, हे सगळं उपयोगी पडतं. मेसेज पुसू देऊ नका.

मुदतीकडे लक्ष द्या. केंद्रीय कायद्यात दावा दोन वर्षांत करावा लागतो, मालकाने जाणूनबुजून बुडवले असतील तर तीन. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत राज्य कायद्याखाली सहा वर्षं मिळतात. दोन किंवा अधिक कामगार मिळून पगाराबद्दल बोलले म्हणून कारवाई झाली, तर राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे सहा महिन्यांत जावं लागतं. शेतमजूर आणि घरकामगार मात्र त्या कायद्यातून वगळलेले आहेत. कामाच्या जागेवरच्या धोक्याची तक्रार केल्याबद्दल सूड घेतला असेल, तर ओशाकडे (कामाच्या जागेची सुरक्षा पाहणारं केंद्रीय खातं) जायला फक्त ३० दिवस आहेत. ही मुदत सगळ्यात जास्त हुकते.

केंद्रीय श्रम खात्याच्या वेतन विभागाचा फोन १-८६६-४८७-९२४३. पण फोन कधी करायचा, करायचा की नाही, आधी मालकाला पत्र पाठवायचं का, हे ज्याची मजुरी आहे त्याने ठरवायचं. त्याला परिणाम समजावून सांगा, आणि मग थांबा.

पासपोर्ट मालकाने काढून घेतला आहे, बाहेर जाऊ देत नाही, घरच्यांना धमक्या देतो असं ऐकलंत तर ते प्रकरण मजुरीपुरतं राहत नाही. मानवी तस्करीविरोधी हेल्पलाइन १-८८८-३७३-७८८८ आणि एक अनुभवी वकील, दोन्ही त्याच दिवशी गाठा. अशा पीडितांसाठी टी आणि यू व्हिसाची तरतूद २००० सालच्या कायद्याने केलेली आहे.

६. जे लिहिलंच नाही ते कुणाला मिळत नाही

सदस्याच्या अर्जात नाव, फोन, कामाचा प्रकार आणि भाषा एवढंच ठेवा. इमिग्रेशन स्टेटसचा रकाना नकोच. अनुदान देणारी संस्था आकडेवारी मागते म्हणून तो घालायची पाळी आली, तर तिला दुसरी आकडेवारी द्या. सहीच्या कागदावर पूर्ण पत्ता घेऊ नका. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो हे सदस्यांना आधी सांगा. बैठकीचे फोटो चेहरे ओळखू येतील असे टाकायचे तर त्या त्या माणसाला विचारून.

ऑफिसच्या दारावर अधिकारी आले तर काय करायचं याची रंगीत तालीम करा. न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याने स्वतः सही केलेला प्रशासकीय कागद यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या कागदावर खाजगी भागात शिरण्याचा अधिकार मिळत नाही. म्हणून स्वागतकक्ष कुठे संपतो आणि खाजगी भाग कुठे सुरू होतो हे पाटी लावून दाखवा. दारावर कोण बोलेल, वकिलाला फोन कोण करेल हे नावानिशी ठरवा. शाळा, देवळं, चर्च अशा ठिकाणी कारवाई टाळण्याची जी केंद्रीय मार्गदर्शक सूचना होती ती जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली गेली. देवळाच्या हॉलमध्ये बैठक घेत असाल तर विश्वस्तांशी याबद्दल आधी बोलून ठेवा.

७. इमिग्रेशनचा सल्ला देऊ नका

"मी स्वतःचं ग्रीन कार्ड केलंय, फॉर्म भरून देतो" हे कितीही मायेने म्हटलेलं असलं तरी बेकायदेशीर ठरू शकतं, आणि चुकीच्या एका रकान्याची किंमत समोरचा माणूस मोजतो. हा सल्ला वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधीच देऊ शकतो. संस्था वाढली की ती मान्यता मिळवता येते: संस्थेसाठी ईओआयआर-३१, व्यक्तीसाठी ईओआयआर-३१ए हे अर्ज आहेत. तोवर चांगल्या वकिलांची यादी ठेवा आणि सोबत जा.

८. नागरी सहभाग: काय चालतं, काय अजिबात नाही

५०१(सी)(३) संस्थेला निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही किंवा विरोध करता येत नाही. ही बंदी १९५४ पासून आहे. संस्थेच्या ग्रुपवर "आपल्या माणसाला निवडून द्या" हा मेसेज, संस्थेच्या मंचावर एकाच उमेदवाराचा सत्कार, हे टाळा. संचालक स्वतःच्या वेळात, संस्थेचं नाव न वापरता हवा तो प्रचार करू शकतो.

कायद्यासाठी पाठपुरावा करणं मात्र चालतं, आणि नवी मंडळी इथे उगाच घाबरतात. लॉबिंगचा (कायद्यासाठी पाठपुराव्याचा) खर्च ठरावीक मर्यादेने मोजला जावा म्हणून आयआरएसचा फॉर्म ५७६८ भरा. तो छोटासा आहे. त्यानंतर वर्षाच्या पहिल्या ५,००,००० डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत लॉबिंगवर खर्च करता येतो, त्यातला जनतेला आवाहन करण्यावरचा वाटा जास्तीत जास्त एक चतुर्थांश. मोजला जातो तो खर्च, त्यामुळे बिनपगारी स्वयंसेवकांचे तास त्यात येत नाहीत.

मतदार नोंदणी मोहीम पक्षनिरपेक्ष असेल तर करता येते. पण स्थलांतरितांमध्ये काम करताना इथे सगळ्यात मोठा धोका आहे. केंद्रीय निवडणुकीत फक्त नागरिकांना मत देता येतं. ग्रीन कार्डधारकाने चुकून नोंदणी केली, "मी नागरिक आहे" या चौकटीत खूण केली, तरी त्याचं नागरिकत्व अडकू शकतं आणि हद्दपारीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून टेबलावरच्या प्रत्येक स्वयंसेवकाने फॉर्म हातात देण्याआधी सांगायचं: हा फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे, नसाल तर भरू नका, आणि कारण सांगायचीही गरज नाही. शंका आली तर फॉर्म परत घ्या. नोंदणीचा आकडा वाढवण्याचं बक्षीस कधीही ठेवू नका. आणखी एक बदल: नागरिकत्वाच्या शपथविधीच्या समारंभात खाजगी संस्थांना मतदार नोंदणी करू देणं यूएससीआयएसने (नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे अर्ज पाहणाऱ्या केंद्रीय खात्याने) ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केलं आहे. सभागृहात टेबल लावण्याचा जुना सल्ला आता लागू नाही.

देणग्यांचंही असंच. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला निवडणूक प्रचाराला पैसे देता येत नाहीत. एच-१बी वरच्या उत्साही मित्रांना हे माहीत नसतं.

मग ज्यांना मत नाही त्यांनी काय करायचं? पुष्कळ काही. नगर परिषदेच्या आणि स्कूल बोर्डाच्या जाहीर बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. आमदाराला भेटायला लागत नाही. न्यूयॉर्कचा २०१० चा कायदा घरकामगार बायकांनी वर्षानुवर्षं राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला, खेपा घालून करून घेतला, आणि त्यांतल्या कित्येकींना मताधिकार नव्हता. पहिल्यांदा बोलणाऱ्याला दोन मिनिटांचं भाषण त्याच्याच भाषेत तयार करू द्या आणि दुभाषी सोबत न्या. त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका, मग तुमचं इंग्रजी कितीही सफाईदार असो.

जे नागरिकत्वाला पात्र आहेत त्यांच्यासाठी वर्ग चालवा. साधारणपणे ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं, नागरिक जोडीदारासोबत राहत असल्यास तीन. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या संचातून २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. जुनी शंभर प्रश्नांची पुस्तकं वर्गातून काढून टाका.

आणि नागरिक झालेल्यांना सांगा की इंग्रजी वाचता येत नसेल तर मतदान केंद्रात आपल्या पसंतीचा माणूस मदतीला नेता येतो. व्होटिंग राइट्स ॲक्टमध्ये तसं कलम आहे. त्याला अपवाद दोन: मालक किंवा त्याचा माणूस, आणि युनियनचा पदाधिकारी. क्वीन्समध्ये बंगाली आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी साहित्यही मिळतं.

९. दरवर्षीचं काम

आयआरएसला दरवर्षी ९९० हे रिटर्न द्यावं लागतं. जमा सहसा ५०,००० डॉलरच्या आत असेल तर ९९०-एन, हा ऑनलाइन भरायचा अगदी लहान फॉर्म आहे. त्यावर २,००,००० डॉलरच्या आत जमा आणि ५,००,००० डॉलरच्या आत मालमत्ता असेल तर ९९०-ईझी, पुढे पूर्ण ९९०. कॅलेंडर वर्ष धरत असाल तर मुदत १५ मे. सलग तीन वर्षं भरला नाही तर करसवलत आपोआप रद्द होते, आणि पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. खजिनदार बदलतो त्या वर्षी हे हमखास राहून जातं, म्हणून आयआरएसच्या खात्याचा पासवर्ड, राज्याच्या नोंदणीची तारीख आणि विम्याची पॉलिसी एका फाइलमध्ये ठेवून तिची किल्ली दोघांकडे द्या. त्या दोघांपैकी एक जण कामगार संचालक असू द्या.